गरम झाली की बंद पडणारी पद्मिनी : दोष घरी कसा शोधावा

सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होणारी, चौकापर्यंत कुरकुर न करता जाणारी, आणि पुढे अर्ध्या-पाऊण तासाने नेमकी घाटाच्या चढावर किंवा सिग्नलच्या रांगेत दोन-चार आचके देऊन बंद पडणारी प्रीमियर पद्मिनी ज्यांच्या दारात उभी आहे, त्यांच्यासाठी हे लेखन आहे. अशी गाडी बॉनेट उघडून पंधरा मिनिटे ठेवली की काही झालेच नव्हते अशा थाटात पुन्हा चालू लागते, आणि मेकॅनिककडे नेली की तेथे दिवसभर शहाण्यासारखी वागते. सुट्टीचे दोन्ही दिवस खाऊन टाकणारा याहून चिवट दोष या इंजिनात दुसरा नाही, कारण तो दिसतो तेव्हा आपण रस्त्यावर असतो आणि आपण पाने घेऊन बसतो तेव्हा तो दडून बसतो.

माझे सांगणे एवढेच आहे की, इंजिन बंद पडल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन मिनिटांत, ते गरम असतानाच, त्याला ठिणगी मिळत नाही की पेट्रोल मिळत नाही याचा निवाडा करावा, आणि तो होईपर्यंत कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या, एकाही स्क्रूला हात लावू नये. हा नियम मी स्वतः पाळला नव्हता. त्याची हकिगत पुढे येईलच.

पद्मिनीचे इंजिन मुळात इटलीच्या फियाट ११०० चे आहे : १०८९ सीसी, चार सिलिंडर, ६८ मिमी बोअर आणि ७५ मिमी स्ट्रोक, ओतीव लोखंडाचा ब्लॉक, त्यावर ॲल्युमिनियमचे हेड आणि पुश रॉड-रॉकरने उघडणारे व्हॉल्व्ह. ठिणगी पॉइंट (विजेची उघडझाप करणाऱ्या दोन टिकल्या) आणि कॉइल (विजेचा दाब वाढवणारी गुंडाळी) यांमधून येते, पेट्रोल पडद्याच्या यांत्रिक पंपाने वर चढते आणि सोलेक्स कार्ब्युरेटरमधून आत जाते. तापल्यावर बिघडू शकतील अशा जागा यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत, आणि म्हणूनच हे काम घरी करता येते. एके काळी हे काम घरी करण्याची गरज नव्हती; काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे मुंबईच्या प्रत्येक उपनगरात केवळ आवाजावरून टायमिंग, म्हणजे ठिणगीची नेमकी वेळ, लावणारा मिस्त्री सापडत असे. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत संपली, आणि तो जाणकार हातही हळूहळू दिसेनासा होत आहे.

शुक्रवारी रात्रीच पुढील सामान एका खोक्यात भरून ठेवावे : रिंग पाने आणि बॉक्स पाने, प्लग पाना, बारीक व मध्यम स्क्रू ड्रायव्हर, फिलर गेज (फटी मोजण्याच्या पातळ पाती), १२ व्होल्टच्या लहान बल्बला दोन लांब वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प, एक जास्तीचा स्पार्क प्लग, चालू अवस्थेतला कंडेन्सर, नवा पॉइंट सेट, हातभर पेट्रोलची नळी, झाकणाची काचेची बाटली, जाड फडके आणि पाण्याची कॅन. पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत कुर्ल्याच्या बाजूला यांतले बहुतेक सुटे भाग अजून मिळतात. आग विझवण्याचे पावडरचे लहान सिलिंडर हाताशी असल्याखेरीज पेट्रोलची नळी सोडू नये. अंगठी आणि मनगटातले घड्याळ काढून ठेवावे, कारण बॅटरीची वायर आणि गाडीचा धातू यांना एकदम टेकलेली अंगठी क्षणात लाल होते. आणि बंद शटरच्या आत इंजिन चालू ठेवू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

शनिवार सकाळ : दोष घडवून आणणे

गाडी थंड असताना बॉनेट उघडून काहीही काढू नये. ती तशीच बाहेर काढावी आणि घरापासून फार लांब न जाता, थोडा चढ असलेल्या रस्त्यावर, ती बंद पडेपर्यंत चालवावी. सोबत सेल्फ मारायला एक माणूस असावा. आमच्याकडे हे काम आईने केले आणि प्रत्येक वेळी ‘आता मारू का?’ असे विचारून मगच किल्ली फिरवली; ही सवय सर्व मदतनिसांना लागावी, कारण पंख्याजवळ बोटे असताना फिरलेला सेल्फ माफ करत नाही.

गाडी आचके देऊ लागली की ती कशी मरते याकडे लक्ष द्यावे. विजेचा दोष बहुधा दिव्याचे बटण बंद केल्यासारखा येतो : आता चालू होती, आता नाही, किंवा मिसिंग मारत आणि सायलेन्सरमध्ये फटाके फोडत ती थांबते. पेट्रोलचा दोष धापा टाकत येतो : ॲक्सिलरेटर दाबला तरी ओढ कमी होत जाते, चोक ओढला की क्षणभर जीव येतो, आणि मग ती विझते. हा निव्वळ अंदाज आहे, पुरावा नव्हे. पण टिपून ठेवावा.

आता पुरावा. गाडी सुरक्षित कडेला घेऊन हँड ब्रेक ओढावा आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा. एका सिलिंडरची प्लग वायर काढून ती जास्तीच्या प्लगला लावावी आणि त्या प्लगचे धातूचे अंग इंजिनच्या उघड्या धातूला पक्के टेकवून ठेवावे. वायर हातात धरू नये, ती कोरड्या फडक्यात किंवा लाकडी चिमट्यात धरावी. मदतनिसाने सेल्फ मारला की प्लगच्या तोंडाशी निळी, टचटच आवाज करणारी ठिणगी दिसली पाहिजे. उन्हात ती दिसत नाही, म्हणून दुसऱ्या हाताने सावली धरावी. ठिणगी नसेल, किंवा पिवळट, बारीक, चुकतमाकत येत असेल, तर दोष विजेचा आहे आणि कार्ब्युरेटर निर्दोष सुटला.

ठिणगी भक्कम असेल तर मगच पेट्रोलकडे वळावे. हा क्रम उलटवू नये. सांडलेल्या पेट्रोलजवळ ठिणगी काढणे म्हणजे काय ते सांगायला नको. कॉइलची बारीक वायर काढून ठेवावी, कार्ब्युरेटरला येणारी पेट्रोलची नळी फडके धरून सोडावी, तिला हातातली नळी जोडून टोक बाटलीत सोडावे आणि सेल्फ मारावा. पंप ठीक असेल तर पेट्रोल ठोक्याठोक्याने, जोरात उडते. नुसते बुडबुडे आले, फेस आला किंवा काहीच आले नाही, तर निवाडा झाला. बाटलीचे झाकण लगेच लावून ती इंजिनपासून दूर ठेवावी.

ठिणगी नसेल तर

टेस्ट लॅम्पची एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या (पॉइंट पोटात असलेल्या, चारही प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) बाहेरील बारीक वायरीच्या टर्मिनलला आणि दुसरी इंजिनच्या धातूला लावून सेल्फ मारावा. पॉइंट उघडले की बल्ब लागतो आणि मिटले की विझतो, म्हणजे तो लुकलुकला पाहिजे. मुळीच लागत नसेल तर एक तर कॉइलपर्यंत वीज येत नाही किंवा पॉइंट, कंडेन्सर अथवा त्यांची वायर कायमची धातूला टेकलेली आहे. सतत जळत राहिला तर पॉइंट मिटत नाहीत, किंवा मिटले तरी त्यांच्यातून वीज जात नाही. चाचणी झाली की किल्ली बंद करावी. इंजिन थांबलेले आणि पॉइंट मिटलेले असताना किल्ली चालू राहिली तर कॉइल विनाकारण तापते, आणि मग आपण शोधत असलेल्या दोषात आपलाच एक दोष मिसळतो.

बल्ब नीट लुकलुकतो पण ठिणगी पिवळी आहे, तर पहिला संशय कंडेन्सरवर घ्यावा. मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर या इंजिनाचे पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडतात, आणि प्रत्येक वेळी तेथे उडू पाहणारी ठिणगी गिळण्याचे काम अंगठ्याच्या पेराएवढा हा डबा करतो. त्यातील कागद आणि पन्नी यांच्यामधले आवरण जुने झाले की ते थंड असताना काम करते आणि तापल्यावर गळते. डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून पॉइंटच्या दोन्ही टिकल्या भिंगातून पाहाव्यात. एका टिकलीवर बारीक उंचवटा आणि समोरच्या टिकलीवर तेवढाच खळगा दिसला, किंवा दोन्ही निळ्या-काळ्या पडल्या असतील, तर कंडेन्सरची साक्ष झालीच म्हणून समजावे. घरी त्याची खात्रीची परीक्षा एकच : तो बदलून गाडी पुन्हा तेवढीच तापवणे. नवा भाग म्हणजे चांगला भाग असे मात्र धरून चालू नये. आज बाजारात मिळणारे कंडेन्सर कधी कधी खोक्यातूनच मेलेले निघतात, म्हणून चालत्या गाडीतून काढलेला जुना कंडेन्सर मी नव्यापेक्षा मोलाचा मानतो.

आता माझी हकिगत. माझी १९८४ सालची गाडी कात्रजचा घाट चढताना याच रीतीने बंद पडू लागली, आणि मी सलग तीन रविवार कार्ब्युरेटर उतरवून, धुऊन, पुन्हा बसवला. तीनही वेळा घराभोवतीच्या फेरीत ती उत्तम चालली, आणि तीनही वेळा पुढच्या शनिवारी घाटात बसली. चौथ्या आठवड्यात ठिणगी पाहिली, ती नव्हती. कंडेन्सर बदलला, गाडी सुरू झाली आणि मी विजयी मुद्रेने घरी आलो. आठ दिवसांनी पुन्हा तेच. शेवटी डिस्ट्रिब्युटर उघडून आतली बोटभर लांबीची, बाहेरच्या टर्मिनलपासून पॉइंटपर्यंत जाणारी वायर दोन बोटांत धरून हलकेच ओढली, तर ती रबरासारखी ताणली गेली. बाहेरचे आवरण अखंड होते, पण आतल्या तांब्याच्या तारा कधीच तुटल्या होत्या. थंड असताना त्यांची टोके एकमेकांना टेकत आणि तापून आवरण सैल झाले की अलग होत. कंडेन्सर बदलताना वायर हलली, टोके पुन्हा टेकली, आणि श्रेय कंडेन्सरला मिळाले. तेव्हापासून कोणताही भाग बदलण्यापूर्वी मी ही वायर ओढून पाहतो. ती बदलताना जाड, कडक वायर वापरू नये; पॉइंटच्या हालचालीबरोबर वाकणारी, पुष्कळ बारीक तारांची मऊ वायर घ्यावी.

कॉइलची परीक्षा याच मार्गाने, दुसरी चांगली कॉइल लावून करावी. चालत्या इंजिनावर कॉइल गरम असतेच, पण तिला हात टेकवत नसेल किंवा बुडातून तेल पाझरत असेल तर ती बदलावी. पावसाळ्यात झाकणाच्या आत दमटपणा आणि कार्बनच्या केसासारख्या रेषा दिसतात का तेही पाहावे.

पॉइंट बदलले की अंतर आणि टायमिंग दोन्ही नव्याने लावावे लागते, आणि याच क्रमाने, कारण अंतर बदलले की टायमिंग आपोआप हलते. चारही प्लग काढले, गाडी सपाटीवर चौथ्या गिअरमध्ये ठेवली आणि हळू ढकलली की इंजिन पाहिजे तेवढे फिरवता येते. पॉइंटची टाच डिस्ट्रिब्युटरच्या कॅमच्या उंचवट्यावर आली की अंतर सुमारे ०.४ मिमी असावे. नेमका आकडा आपल्या डिस्ट्रिब्युटरच्या बनावटीप्रमाणे मॅन्युअलमधून घ्यावा. फिलर गेजची पात किंचित अडत सरकली पाहिजे, ढकलावी लागता कामा नये. टाचेला मोहरीएवढे ग्रीस लावावे, जास्त लावले तर ते उडून टिकल्यांवर बसते. शेवटी पॉइंटच्या मधून कोरा कागद ओढून काढावा. नव्या पॉइंटवरही तेलाचा थर असतो आणि तेवढ्याने ठिणगी जाते. मग पुलीवरची खूण मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जागी आणून, किल्ली चालू करून, टेस्ट लॅम्प ज्या क्षणी लागतो त्या क्षणावर डिस्ट्रिब्युटर फिरवून घट्ट करावा. या इंजिनाचा फायरिंग क्रम १-३-४-२ आहे, आणि वायरी काढण्यापूर्वी त्यांवर कागदी चिकटपट्टीने आकडे लिहिणे हे कमीपणाचे लक्षण नाही.

पेट्रोल येत नसेल तर

सर्वांत आधी टाकीचे झाकण उघडावे. ‘सुस्स’ असा आवाज होऊन हवा आत ओढली गेली आणि गाडी लगेच नीट चालू लागली, तर झाकणाचे बारीक भोक बुजले आहे. पंप तो निर्वात खेचून थकतो. हे भोक टाचणीने मोकळे करायला लागणारा वेळ या लेखातील सर्व दुरुस्त्यांत कमी आहे, आणि म्हणूनच बहुतेक लोक त्याकडे शेवटी वळतात.

त्यानंतर ज्याला आपले मिस्त्री सरसकट एअर लॉक म्हणतात तो प्रकार. पेट्रोलचे हलके घटक ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात, आणि पंप तर तापलेल्या ब्लॉकलाच बोल्टने जखडलेला असतो. एप्रिल-मेमध्ये चढावर हळू चालताना पंख्याची हवाही गरम असते. पंपात आणि त्याच्या नळीत वाफ साचते, आणि द्रव ढकलण्यासाठी केलेल्या पंपाला वाफ ढकलता येत नाही. पंपावर आणि नळीवर ओले फडके टाकून दोन मिनिटांत गाडी सुरू झाली तर निदान पक्के. ओले फडके टाकताना पाणी डिस्ट्रिब्युटरवर जाऊ देऊ नये.

ओले फडके हे निदान आहे, औषध नव्हे. पंप आणि ब्लॉक यांच्यामध्ये उष्णता अडवणारी जाड पट्टी असते, ती जागेवर आहे का पाहावे. ती फुटली म्हणून कोणी तेथे साधे पातळ गॅस्केट बसवलेले असते. याच पट्टीच्या जाडीवर पंपाचा दांडा किती आत जातो हे ठरते, म्हणून अंदाजाने दोन पट्ट्याही घालू नयेत. पेट्रोलची नळी एक्झॉस्टजवळून जात असेल तर ती दूर न्यावी. टाकीपासून पंपापर्यंतच्या रबरी जोडांवर विशेष संशय घ्यावा : या बाजूला पंप ओढत असतो, त्यामुळे चिरलेल्या रबरातून पेट्रोल बाहेर न गळता हवा आत जाते आणि खाली ओल दिसत नाही. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने विक्रीला आलेल्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या प्रकारचे रबर फुगते किंवा ठिसूळ होते, आणि पंपाचा पडदाही त्यातून सुटत नाही. नळ्या आणि पडदा इथेनॉल सोसणारे आहेत का असे दुकानात स्पष्ट विचारून घ्यावेत. पंपाच्या खालच्या छिद्रातून पेट्रोल टिपकत असेल तर पडदा फाटला आहे. अशा वेळी पेट्रोल इंजिनच्या ऑइलच्या चेंबरमध्येही उतरू शकते, म्हणून डिपस्टिकचा वास घ्यावा आणि पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलल्याखेरीज इंजिन चालवू नये.

पेट्रोल जोरात येत असूनही गाडी भुकेली राहत असेल तेव्हाच कार्ब्युरेटर उघडावा. झाकण काढून फ्लोट चेंबरच्या तळाशी बसलेला तपकिरी गाळ पुसावा, जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे बारीक भोकाचे पितळी तुकडे, काढून हवेच्या दाबाने साफ करावेत. जेटमध्ये तार घालू नये. पितळ मऊ असते, भोक रुंद झाले की मायलेज गेले आणि ते परत येत नाही. फ्लोट कानाशी धरून हलवावा. आत पेट्रोल खळखळले तर तो बदलावा. एवढेच. मिक्सरचा, म्हणजे हवा-पेट्रोलचे प्रमाण ठरवणारा, स्क्रू फिरवण्यापूर्वी तो पूर्ण बसेपर्यंतच्या फेऱ्या मोजून लिहून ठेवाव्यात.

रविवार : वीज आणि पेट्रोल दोन्ही ठीक असतील तर

तापमानाचा काटा वर जात असेल तर पाण्याकडे पाहावे : फॅन बेल्ट सैल, रेडिएटरच्या फटींत घाटातली धूळ आणि किडे, किंवा अडकलेला थर्मोस्टॅट. हे सर्वांना माहीत असते. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये, हेही माहीत असते आणि तरीही दरवर्षी कोणाचा तरी हात भाजतो.

काटा जागेवर असूनही गरम इंजिन सुरू व्हायला त्रास देत असेल, तर टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली फट, तपासावेत. फार घट्ट टॅपेट आवाज करत नाही, म्हणून मालक खूश असतो. पण तापून लांबलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन जाते आणि पुढे व्हॉल्व्ह जळतो. मॅन्युअलमधील अंतर थंड इंजिनावरचे असेल तर गाडी रात्रभर उभी राहिलेली असावी. चौथ्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर एकाच वेळी किंचित हलत असताना, म्हणजे एक व्हॉल्व्ह मिटत आणि दुसरा उघडत असताना, पहिल्या सिलिंडरचे टॅपेट लावावेत; पहिल्याचे हलताना चौथ्याचे, दुसऱ्याचे हलताना तिसऱ्याचे आणि तिसऱ्याचे हलताना दुसऱ्याचे. चेकनट घट्ट करताना स्क्रू हमखास थोडा फिरतो, त्यामुळे घट्ट केल्यावर पुन्हा मोजावे. टॅपेट सर्वांत आधी, मग पॉइंट, मग टायमिंग आणि मिक्सर शेवटी, हा क्रम बदलला की केलेले काम दुसऱ्यांदा करावे लागते.

रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील, गळती नसताना पाणी कमी होत असेल, किंवा ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधी साय दिसत असेल, तर शेजारच्या दोन सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजून पाहावे. दोन्ही पडलेले असतील तर त्यांच्यामधले हेड गॅस्केट गेले आहे. येथे सुट्टीचे काम थांबवावे. ॲल्युमिनियमचे हेड पूर्ण थंड असतानाच सोडायचे असते, ते सरळ आहे का हे पोलादी पट्टीने पाहायचे असते, वाकले असेल तर लेथवाल्याकडून फेस करून, म्हणजे सपाट करून, आणायचे असते, आणि लेथवाला रविवारी बंद असतो. बसवताना मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच आवळायचे असते. घाईत, ‘हाताला लागतंय तेवढं पुरे’ म्हणून आवळलेले हेड मी दुसऱ्याच्या गाडीत दोनदा पाहिले आहे, आणि दोन्ही वेळा गॅस्केट महिनाभरही टिकले नाही.

दुरुस्ती पुरी झाली असे वाटले की रविवारी दुपारच्या उन्हात गाडी पुन्हा त्याच रस्त्याने, तेवढाच वेळ चालवावी. मग ती मुद्दाम बंद करून, बॉनेट न उघडता, दहा मिनिटे उभी ठेवावी, कारण थांबलेल्या इंजिनावरील पंप आणि कॉइल याच दहा मिनिटांत सर्वाधिक तापतात. त्यानंतर ती पहिल्या-दुसऱ्या सेल्फला सुरू झाली, तर काय बदलले ते तारीख आणि किलोमीटरसह वहीत लिहावे, आणि सामानाचे खोके पुढचे दोन महिने डिकीतच राहू द्यावे.